डिझेलबाई

लग्नाला गेलेली माणसं नवरा-नवरी बघतात, जेवणाची सोय बघतात, आपला मानपान नीट झाला की नाही ते बघतात. मुलाणीबाई मांडवामागचा जनरेटर बघायच्या. अक्षता पडल्या रे पडल्या की त्या खुर्चीवरून उठायच्या, चांगल्या साडीचा पदर कमरेला खोचायच्या आणि त्या धडधडणाऱ्या धुडाजवळ जाऊन उभ्या राहायच्या. "तासाला किती पितो हा? धूर चालू करतानाच टाकतो, का लोड आल्यावर?" चालवणारा बिचारा आधी घाबरायचा. बाई प्रदूषणवाल्या ऑफिसातून आल्यात असं त्याला वाटायचं. मग थोड्याच वेळात दोघांचं असं काही जमायचं की शेवटची पंगत उठली तरी बाईंचा पत्ता नसायचा. त्यांच्याबरोबर लग्नाला जायचं म्हणजे उपाशी राहायची तयारी ठेवायची. मी एकदा राहिले. पुढच्या वेळी सरळ सांगितलं, "बाई, मी जेवून घेते. तुमचा पाहुणचार इंजिनाकडं चालू द्या."

कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या आवारात, मागच्या कुंपणाला लागून आमचं छोटंसं युनिट होतं. बाई तिथल्या प्रमुख. रसायनशास्त्रातल्या डॉक्टर, पण गाव शिरूर, त्यामुळे रागावल्या की बोलणं पार आपल्यासारखं. मी खुटबावची. दौंडला बीएस्सी करून त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये लागले. आमचं काम एकच होतं, डिझेलच्या जागी इंजिनात चालेल असं इंधन कोळशापासून तयार करायचं. काळा दगड टाकीत कसा जाणार, असं घरी सगळे मला विचारायचे. कोळसा पूर्ण जळू न देता, वाफ आणि मोजका ऑक्सिजन देऊन त्याचा गॅस करतात, आणि त्या गॅसपासून मिथेनॉल. एवढं काम लांब, खाणींच्या मुलखात व्हायचं. तिथून मिथेनॉल टँकरने आमच्याकडे यायचं आणि आम्ही त्याच्यावर प्रक्रिया करून डीएमई नावाचं इंधन काढायचो. ते स्वयंपाकाच्या गॅससारखं दाबाखाली टाकीत ठेवावं लागतं. गंमत म्हणजे असल्या काळ्याकुट्ट वस्तूपासून निघालेलं हे इंधन इंजिनात जळताना काजळी म्हणून धरत नाही.

युनिटमधल्या पोरांनी बाईंचं नाव ठेवलं होतं डिझेलबाई. हे त्यांच्या कानावर जायला फार दिवस लागले नाहीत. त्या रागावतील म्हणून सगळे मान खाली घालून उभे राहिले, तर त्या हसत सुटल्या. "अरे, डिझेल घालवायला निघाले मी, आन् तुम्ही माझंच नाव डिझेल ठेवलं व्हय?" त्या दिवसापासून त्या स्वतःच गेटवर फोन करून सांगायला लागल्या, "डिझेलबाई बोलतेय, टँकर आत सोडा."

मिथेनॉलला मात्र टोपणनाव चालायचं नाही. नवीन आलेला एखादा कामगार सहज 'स्पिरिट' म्हणायचा आणि बाई हातातलं काम टाकून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. "मिथेनॉल म्हणायचं. स्पिरिट म्हटलं की कुणाला तरी तहान लागते." मग घोटभर प्यायलं तरी डोळे कसे जातात आणि जीव कसा जातो, हे त्याला इतक्या शांतपणे सांगायच्या की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडायची. बिहारकडचा आमचा फिटर राजेश तर म्हणायचा, "मॅडम डाँटती तो अच्छा रहता, समझाती है तो डर लगता है." आमच्या युनिटमध्ये नाना भानगडी झाल्या, पण ते कुणी तोंडाला लावलं नाही. त्याचं सगळं श्रेय मी बाईंच्या त्या शांत आवाजाला देते.

त्यांची एक रीत मला सुरुवातीला अजिबात पटायची नाही. कुणी पाहुणा आला, मग तो कंपनीचा साहेब असो की कॉलेजची सहल, बाई आधी आपल्या इंधनाचे दोष सांगायच्या. टेबलावर त्यांनी कोळशाचं एक ढेकूळ ठेवलं होतं. ते पाहुण्याच्या हातात द्यायच्या. हात काळा झाला की म्हणायच्या, "तुमच्या ट्रॅक्टरच्या नळकांड्यातनं काही काळं येणार नाही. पण खाणीपाशी हे आहेच. कार्बनचा हिशेब मांडला तर तो डिझेलपेक्षा जड भरतो, जोवर तिथं निघणारा कार्बनचा वायू कोंडून धरत नाहीत तोवर. आन् हे इंधन कोरडं आहे, डिझेलसारखी त्याला तेलकटी नाही, इंजिनाला इंधन पुरवणारा पंप खातं." एवढं सगळं झाल्यावर मग चांगलं काय ते. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, आपलीच मुलगी आपण अशी दाखवली तर स्थळ येईल का?" त्यावर म्हणाल्या, "आधी वाईट सांगायचं, सुजाता. चांगलं ऐकल्यावर माणूस वाईट ऐकतच नाही." मी तोंड वाकडं केलं, आणि खरं सांगायचं तर कितीतरी दिवस ते वाकडंच होतं.

शिरूरहून त्यांना घेऊन येणारी गाडी मला चौफुल्यावर उचलायची. गाडीत त्या खिडकीशी बसायच्या. पुढे जुना ट्रक लागला आणि चढावर त्याने काळा लोट सोडला की गप्पा मध्येच थांबायच्या. पहिल्या काही दिवसांत मला वाटलं, त्या मनात काही हिशेब करतात. एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अब्बांची आठवण येते." त्यांच्या वडिलांचं शिरूरला ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीवरची पाण्याची इंजिनं पत्र्याच्या बंद खोलीत चालवून बघायची, दार लावून, कारण शेजारी आवाजाची तक्रार करायचे. जन्मभर तो धूर त्यांनी आत घेतला. "खोकला आला की रुमालावर काळं पडायचं. अम्मी तो रुमाल वेगळा धुवायची." एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला आणि मला विचारलं की यंदा बुद्धपौर्णिमेला खीर किती वाजता, म्हणजे त्या हिशेबाने निघतील. दरवर्षी त्या यायच्या आणि आमच्या आईला खिरीत वेलदोडा कमी पडलाय असं तोंडावर सांगायच्या. आई त्यांच्यावर भलतीच खूश असायची.

पांढऱ्या फडक्यांचं वेड त्यातूनच आलं असणार. जुन्या मऊ धोतराचे चौकोन फाडून त्यांची एक चळत त्या पर्समध्येच ठेवायच्या. इंजिनाची चाचणी असली की ते ओढावर, म्हणजे ओझं ओढत असतानाच नळकांड्याच्या तोंडाशी फडकं धरायचं, आणि मग ते उलगडून सगळ्यांना दाखवायचं. आमच्याकडे काजळी मोजायचं यंत्र होतं, महागडं. बाई त्याचा आकडाही घ्यायच्या. पण म्हणायच्या, "आकडा मला कळतो. फडकं सगळ्यांना कळतं."

केंदूरच्या आबांची ओळख झाली ती अर्थातच लग्नात. तिथे मांडवामागे जनरेटर चालवत होता आबांचा ट्रॅक्टर, आणि शेजारी खुर्ची टाकून स्वतः आबा बसले होते. साठीतला माणूस, डोक्याला टोपी, कानात अत्तराचा बोळा, आणि ट्रॅक्टरवर असा जीव की पोरांना बॉनेटवर हात ठेवू द्यायचे नाहीत. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. आबांनी उत्तर द्यायच्या आधी उठून त्यांना खुर्ची दिली. "बसा बाई. इतकी वरीस झाली, आजपस्तोर कुणी ह्याची इचारपूस केली न्हाई." त्या दिवशी दोघं काय बोलली कुणास ठाऊक, पण महिन्याभरात आबांचा ट्रॅक्टर आमच्या चाचणीसाठी तयार होता. कंपनीने नवा ट्रॅक्टर द्यायला नकार दिला होता आणि पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेने वर्षभर नुसती आश्वासनं दिली होती. आबांनी आपला चालता ट्रॅक्टर दिला. का दिला, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "त्यांनी आधी सांगितलं, पंप जाईल म्हून. जो आधी नुकसान सांगतो त्याला द्यावं."

ट्रॅक्टरला आम्ही दोन वाटा ठेवल्या. जुनी डिझेलची टाकी होती तशीच, आणि मडगार्डमागे डीएमईची एक छोटी लाल टाकी. मध्ये एक कॉक. कॉक एकीकडे फिरवला की डिझेल, दुसरीकडे फिरवला की आमचं इंधन. आबा ते पहिल्या दिवशीच शिकले. कोरडं इंधन म्हणून बाईंनी त्यात वंगण मिसळलं होतं. आठवडाभर ट्रॅक्टर झकास चालला. फडकं पांढरं निघालं की आबा ते स्वतःच्या टोपीला लावून बघायचे, कोण जास्त पांढरं ते. आणि मग एका सकाळी भर रानात इंजिन दोन गचके देऊन बंद पडलं. राजेशने पंप खोलला आणि मान हलवली, "मॅडम, पूरा जाम."

बाईंनी नवा पंप बसवला, वंगण बदललं, त्याचं प्रमाण बदललं, आणि त्यानंतर युनिटमध्ये एका इंजिनावर ते रात्रंदिवस चालवून घेतलं. पंप तसूभर झिजला नाही. पण बातमी वरपर्यंत गेली होती. मुंबईच्या ऑफिसातून निरोप आला की साहेब लोक स्वतः केंदूरला येतील. ट्रॅक्टर त्यांच्यासमोर नांगरट करील. नीट चालला तर पुढच्या हंगामात दहा ट्रॅक्टरवर चाचणी आणि युनिट चालू. नाहीतर युनिट बंद. इतकं सरळ होतं ते. राजेश गावाकडे बायकोला आणायच्या गोष्टी करत होता, त्या त्याने थांबवल्या. मलाही रात्रीचं जेवण जाईना. बाई मात्र लोकांना ढेकूळ हातात देऊन दोष सांगत राहिल्या.

ठरल्या दिवशी आबांनी बांधावर छोटा मांडव घातला होता. साहेबांसाठी खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, वर गुळाचा चहा. सकाळचं कोवळं ऊन, बाजरी निघालेलं मोकळं रान. बाईंनी साहेबांना नेहमीप्रमाणे आधी सगळं वाईट सांगितलं आणि पंप एकदा जाम झाल्याचंही सांगितलं. मी मनात म्हटलं, आजच्या दिवस तरी पुरे. मग त्यांनी आबांना हात केला. आबांनी ट्रॅक्टर चालू केला, बाईंनी कॉक इंधनाकडे फिरवला, इंजिनाचा आवाज बदलला आणि ट्रॅक्टर नांगर घेऊन लांबच्या बांधाकडे निघाला.

आणि चालला की हो! एक तास गेला, दुसरी पट्टी झाली, तिसरी झाली. कुठे गचका नाही, कुठे अडखळणं नाही. साहेबांतल्या मोठ्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. राजेश माझ्याकडे बघून असा हसला की त्याची बायको गाडीत बसलीच जणू. ट्रॅक्टर आमच्यापासून बराच लांब होता, धूळ उडत होती. मी बाईंकडे बघितलं तर त्या हसत नव्हत्या. त्या मांडवाबाहेर जाऊन, कपाळावर हात धरून, लांबच्या बांधावर वळणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघत होत्या. वळण घेऊन नांगर पुन्हा जमिनीत घुसला तेव्हा धुळीच्या वर काहीतरी काळं उठलं आणि विरलं. मला ते दिसलं, पण धूळ असेल असं मी म्हटलं. मला तेच म्हणायचं होतं.

ट्रॅक्टर आमच्या बाजूला आला. साहेब उठले होते, त्यांना पुढे पुण्याला मीटिंग होती. बाई फडकं काढून निघाल्या तर मोठे साहेबच म्हणाले, "राहू द्या मॅडम, दिसलंच की. उत्तम आहे." तेवढ्यावर सगळं संपलं असतं. बाई जागच्या जागी थांबल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, थांबा, आता चला, परत फिरा. त्या ट्रॅक्टरपाशी गेल्या. आबा खाली बघत होते. बाईंनी आबांना नांगर पुन्हा जमिनीत घालून दहा पावलं ओढायला सांगितला, आणि चालत चालत नळकांड्याशी फडकं धरलं. ते काळं झालं.

ते फडकं त्यांनी साहेबांसमोर आणून उलगडलं. म्हणाल्या, "तुम्ही आत्ता जे बघितलं ते डिझेलवर चाललं होतं. आमचं इंधन ह्या इंजिनात नव्हतं." मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे? कुणी केलं हे?" मी आबांकडे बघितलं. ते ट्रॅक्टरवरच बसलेले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कॉकला सील लावायचं काम माझं. मी लावलं नाही. चूक माझी आहे. थोडा वेळ द्या, लाइन मोकळी करून आपल्या इंधनावर दाखवते." साहेबांनी घड्याळ बघितलं. धूळ उडवत त्यांच्या गाड्या निघून गेल्या. मांडवात गुळाचा चहा तसाच राहिला.

गाड्या दिसेनाशा झाल्यावर आबा खाली उतरले आणि बाईंच्या पुढ्यात जमिनीवरच बसले. "बाई, लांबच्या बांधाला गेल्यावर म्या फिरवला कॉक. त्या दिशी सारखं साहेबाम्होरं बंद पडला असता तर? तुमचं वाटोळं झालं असतं. म्हनलं एवढं उरकू द्यावं, मग हाय आपलंच." आणि टोपी तोंडावर धरून ते रडायला लागले. इतका मोठा माणूस असा रडताना मी कधी बघितला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि रागावताही येत नव्हतं. बाई त्यांच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आबा, माझ्यासाठी केलंत ते मला कळतं. पण हे बघून उद्या दहा जणांनी आपल्या ट्रॅक्टरला हे लावलं असतं. त्यातल्या एकाचा भर पेरणीत पंप गेला असता, तर तो कुणाकडं बघणार हुता? वंगण पुरतंय का न्हाई हेच तर आज बघायचं हुतं, आन् तेच राहिलं." मग उठून त्यांनी साडीची माती झटकली. "चला, रान अर्धं पडलंय."

त्यांनी स्वतः कॉक फिरवला आणि त्याला तार घालून बांधून टाकला. उरलेलं रान आबांनी आमच्या इंधनावर नांगरलं. ऊन चढलं, आम्ही सगळे बांधावर बसून नुसते बघत होतो. ट्रॅक्टर थांबला नाही, अडखळला नाही, नळकांड्यावरची हवा तेवढी थरथरताना दिसायची. शेवटच्या पट्टीला बाईंनी फडकं धरलं, ते पांढरं निघालं. राजेशने ते हातात घेतलं आणि मांडवातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून एक शिवी दिली. एरवी बाईंनी त्याला शिवी दिल्याबद्दल झापलं असतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "चहा गरम करा रे कुणीतरी."

बाईंनी मुंबईला पुन्हा पुन्हा फोन केले, परत येऊन बघा म्हणून विनवलं. ज्यांच्या समोर एकदा असं झालं ते परत कशाला येतात? युनिटला कुलूप लागलं. राजेश दुसऱ्या कंपनीत लागला, मलाही कुरकुंभलाच एका औषधाच्या कारखान्यात काम मिळालं. बाईंना झारखंडकडच्या एका प्रयोगशाळेने बोलावलं, जिथे कोळशाचा गॅस करतानाच तो नको असलेला वायू कोंडून धरायचे प्रयोग चालू होते. दौंड स्टेशनवर त्यांना पोचवायला आम्ही गेलो. आबा केंदूरहून दोन एसट्या बदलून आले होते, बरोबर बाजरीचं पीठ आणि लसणाची चटणी. गाडी यायला वेळ होता तर बाई प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाच्या ड्रायव्हरशी बोलायला गेल्या. गाडी सुटताना आबांनी खिडकीतून विचारलं, "बाई, मनात काय ठिवलं न्हाई ना?" त्या म्हणाल्या, "ठेवलंय की. तुम्ही ट्रॅक्टर दिलात ते ठेवलंय."

केंदूरमध्ये मात्र ती गोष्ट वेगळीच पसरली. बाईंनी चूक आपल्यावर घेतली होती, आणि आबांनी लाजेपायी ती तशीच राहू दिली. मुलाणीबाईचं इंधन खोटं होतं, आतून डिझेल घालून दाखवत होती, आणि साहेबांनी तिला रंगेहाथ पकडली, असं लोक बोलायचे. मी तिकडे गेले की कुणी ना कुणी हसत विचारायचं, "काय म्हनती तुमची डिझेलबाई?" त्या वेळी ते नाव मला शिवीसारखं लागायचं. आबा अशा वेळी बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून उठून जायचे.

गेल्या हिवाळ्यात आबांनी हुरड्याला बोलावलं म्हणून मी गेले होते. त्याच दिवशी गावात एक माणूस पिकअप घेऊन आला. कॅनमध्ये काहीतरी तेल भरलेलं. कोळशापासून केलेलं नवीन डिझेल, पेट्रोल पंपापेक्षा कितीतरी स्वस्त, सरकारमान्य, सगळ्या ट्रॅक्टरला चालतं. बरोबर एक ट्रॅक्टरही आणला होता, तो चालू करून त्याने देवळामागच्या मैदानात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. दोष एकसुद्धा सांगितला नाही. पोरं कॅन घ्यायला पुढे सरकायला लागली, ऊसतोडीची घाई होती, प्रत्येकाला डिझेल हवंच होतं.

आबा माझ्या शेजारी उभे होते. ते पुढे गेले आणि त्या ट्रॅक्टरच्या टाकीवर हात ठेवला. "ह्यात काय हाय ते आधी उघडून दाव." माणूस म्हणाला, "आजोबा, चाललेला दिसला न्हाई का?" आबांनी टोपी काढली. सगळं गाव ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "चाललेला दिसतो, तसा दावता येतो. म्या दावलाय. मुलाणीबाईंच्या वक्ताला कॉक म्या फिरवला हुता, त्यांनी न्हाई. त्यांनी सोता फडकं धरून सायबाला खरं सांगितलं आन् माझं नाव घेतलं न्हाई. त्यांचं काम गेलं. आन् म्या हितं तुमच्यात बसून त्यांच्यावरचं हसनं ऐकत ऱ्हायलो." एवढं बोलून ते थांबले. कुणी हसलं नाही. त्या माणसाने टाकी उघडली नाही. थोड्या वेळाने कॅन मुकाट पिकअपमध्ये चढवले आणि तो निघून गेला.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, आबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मला वाटलं त्या खूश होतील, निदान सुटल्यासारखं वाटेल त्यांना.

"सगळ्यांसमोर बोलताना किती जड गेलं असेल गं त्यांना," त्या म्हणाल्या. "पाय उचलत नाही. फडकं हातात असतं आणि पाय उचलत नाही."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. मी आबांना हाक मारली आणि फोन त्यांच्या हातात दिला.